वर्षश्राद्धाचा पाहुणा आणि आमची भिंत

बाबांच्या वर्षश्राद्धाला आईने एकच हट्ट धरला: त्यांच्या ओळखीचा, त्यांच्याच वयाचा माणूस घरी येऊन जेवला पाहिजे. तोवर ती पाण्याखेरीज काही घेणार नव्हती.

इथे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनमध्ये बाबांची अशी ओळख एकच, परसामागच्या भिंतीपलीकडचे घानाचे आजोबा. उलट्या बादल्यांवर उभे राहून दोघे भिंतीवरून तासन्‌तास बोलत. एकमेकांच्या घरी मात्र कधी गेले नाहीत.

त्याचं कारण हाच माझा अभ्यासविषय. माझा प्रबंध घानातल्या कुमासी शहराच्या रस्त्यांवर आहे. शहर कडेकडेने पसरतं, घरं आधी उठतात, रस्ते मागून सुचतात, आणि शेजाऱ्याकडे जायला अख्ख्या वस्तीला वळसा पडतो; आमच्या भिंतीच्या दोन बाजूंचंही तसंच. आजोबा तिथलेच. माझे नकाशे पाहून ते म्हणायचे, "आमच्या गल्ल्या कशाला मोजतेस? आधी तुझी मोज."

श्राद्धाच्या दुपारी आमच्या बोलावण्यावरून ते सूट घालून गाडीने निघाले. भात निवला, तेव्हा फोन आला.

"तुझ्या दारात उभा आहे. दार लाल ना?"

"निळं."

"मग ही दुसरी बंद गल्ली."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "हीसुद्धा बंदच. पण इथली बाई चहाला बोलावते आहे. जाऊ?"

"नको हो, आई उपाशी आहे."

शेवटी ते कंटाळून आपल्या घरी परतले आणि भिंतीवर त्यांचं डोकं उगवलं. मी ताट उचललं.

"अगं, ताट पोचवायचं नसतं," आई म्हणाली. "माणूस आत यायला हवा."

मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. ते शिडीवरून भिंतीवर चढले, पाय आमच्या बाजूला सोडून बसले आणि टाय सरळ केला. "उतरणं गुडघ्यांना जमणार नाही. नुसते पाय आत आले तर चालतं का, विचार तिला."

आईने त्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. मग तांब्या आणून त्यांच्या चकचकीत बुटांवर पाणी घातलं. "पाय धुतले. आले आत. वाढ आता."

मांडीवर ताट घेऊन ते जेवले. वडे दोनदा मागितले, खीर वाटीनेच प्यायले. मग आईने स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि भिंतीखाली ओल्या गवतावरच बसली. पहिला घास घेऊन थांबली.

"आमटीत मीठच नाही," ती म्हणाली. "एवढं जेवले, सांगितलं कसं नाही?"