एकादशीला बंद

धायरीहून निघालो तेव्हा आण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला निरोप दिला नाही, ताट दिलं. माझं नाव कोरलेलं स्टीलचं ताट त्यांनी ताटाळ्यातून ओढून काढलं आणि हातात ठेवलं. म्हणाले, "माळकऱ्याच्या घरात ह्याला आता जागा न्हाई." माझा गुन्हा एवढाच, की मी कॅम्पातल्या एका हॉटेलात कामाला लागलो होतो आणि तिथं कोंबडी शिजायची. आई दारात उभी होती. मीही तापट. ताट पिशवीत कोंबलं आणि मागे न बघता बस पकडली.

धायरी आणि हडपसर, एकाच शहराची दोन टोकं. पण बारा वर्षं मी ते अंतर ओलांडलं नाही.

हडपसरला आयटी पार्कच्या रस्त्यावर चिकन चीज स्टेकचं दुकान टाकलं. तव्यावर कांदा, बारीक चिकन, दोन उलथण्यांची टकटक, वर चीज, मग लांबट पावात भरायचं. गाळ्याचं भाडं असो की कोंबडीचा भाव, घासाघीस केल्याशिवाय मी कशाला हो म्हटलं नाही. आज अमेरिकेत राहून आलेली पोरं रांगेत उभी राहतात. धायरीकरांनो, तुमच्यातलेही काही जण माळ सदऱ्याच्या आत ढकलून खाऊन जातात. नावं घेत नाही.

दारावर पाटी आहे, 'एकादशीला बंद'. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, आपल्याकडे कोंबड्यांचाही उपास असतो वाटतं?"

"असतो," मी म्हणालो. "तेवढाच एक दिवस त्यांना जास्त मिळतो."

ती पाटी कुणासाठी, हे मी कुणाला सांगितलं नाही.

एका एकादशीला अर्धं शटर उघडून मी तवा घासत होतो. समोरच्या फुटपाथवर आण्णा उभे. पाटी वाचत होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना. सौद्यात आधी बोलेल तो हरतो, हे मी धंद्यात शिकलो होतो. ते कुठं शिकले कोण जाणे. बस आली, ते चढले.

पुढच्या वर्षी गेले.

दहाव्याला घरात पाऊल टाकलं. ताटाळ्यात ताटं ओळीनं लावलेली, मधली एक खाच रिकामी. आई म्हणाली, "तुझी हाय. ह्यांनी कुणाला भरू दिली न्हाई."

माझं डोकं फिरलं. "मग तोंडानं सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"तुला काय झालं व्हतं?"



फ्लॅटमध्ये आज डिनर सेट आहे, तरी मी त्याच ताटात जेवतो. दिवसभर माझे हात कोंबडीत असतात, पण त्या ताटात इतक्या वर्षांत तिचा एक तुकडा पडू दिला नाही. आण्णांना हे कळलंच नाही. आईलाही अजून माहीत नाही. कुणी घर विचारलं तर मी हडपसरचा पत्ता देतो, पण मनात येते ती धायरीची रिकामी खाच.

या एकादशीला ताट पिशवीत घालून तिकडं जाणार आहे. आणि आईशी आधी मी बोलणार आहे.