नऊ पावलं, चार सेकंद

माझे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले आणि चार महिने राहिले. त्या चार महिन्यांत, शेवटच्या दिवसापर्यंत, माझी बायको त्यांच्याशी थेट एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. भांडण नव्हतं. भांडायला निदान बोलावं तरी लागतं. जे काही असेल ते माझ्यामार्फत. "थेंब घातले का म्हणावं," ती स्वयंपाकघरातून म्हणायची. सासरे पाच फुटांवर खुर्चीत बसलेले, कान अगदी शाबूत. तरी मी मान वळवून विचारायचो, "थेंब घातले का?" ते म्हणायचे, "घातले म्हणावं." धंद्याने मी चष्म्याची भिंगं घासतो. घरात मात्र टपालखात्यात होतो, तेही बिनपगारी.

माणूस तसा निरुपद्रवी. कुठे जायचं नसलं तरी रोज सकाळी बुटांना पॉलिश करणार. खुर्ची नेहमी दाराकडे तोंड करून ठेवणार आणि तिच्यात पाठ न टेकता बसणार. जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर जायचा, जणू उठून कोणाला तरी अडवायचंय. अठरा वर्षं त्यांनी पहारा दिला होता. खाणीसाठी लागणारी स्फोटकं ठेवायचं एक कोठार होतं, त्याच्या फाटकावर. नोकरी गेल्यावर एका छापखान्यात कागदाची रिळं ढकलली. बसायची पद्धत मात्र फाटकावरचीच राहिली.

नोकरी का गेली, हे बायकोने मला लग्नाआधीच सांगितलं होतं. एखादा आजार सांगावा तसं. ती अकरा वर्षांची असताना एका दुपारी एक ट्रक उतारावरून थेट फाटकावर आला. न थांबणाऱ्यावर गोळी झाडायचा हुकूम होता. हिच्या वडिलांनी झाडली नाही, जागा सोडून पळाले. ट्रक फाटक मोडून आत घुसला आणि त्यांच्या जोडीदाराचा पाय गुडघ्यापासून गेला. चौकशीत त्यांनी स्वतःच लिहून दिलं, "मी घाबरलो, जागा सोडली." ट्रकचे ब्रेक निकामी झाले होते, केबिनमध्ये ड्रायव्हरची बायको होती, हे सगळं नंतर कळलं. पण जोडीदाराचा मुलगा हिच्याच वर्गात. पळपुट्याची पोर म्हणून दोन वर्षं तिने ऐकून घेतलं, एकदा मारामारीत पुढचा दात गमावला. सासरे दर गुरुवारी त्या जोडीदाराला दवाखान्यात न्यायचे, खांद्याचा आधार देऊन, भर रस्त्यातून. ते पाहून ती आणखीच चिडायची. सासूबाई गेल्यावर बापलेकीत उरलेला धागाही गेला.

आता डोळे बरे झाले होते. सोमवारी सकाळच्या गाडीने ते परत जाणार होते, आणि पुन्हा येणार नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. रविवारी सकाळीच त्यांची बॅग दाराशी येऊन बसली. या दोघांना एकदा तरी समोरासमोर बोलतं करावं असं फार वाटत होतं, आणि माझ्या हातात उरला होता फक्त एक रविवार. त्यातही त्या दिवशी आमची मंडळी जमणार होती.

मंडळी म्हणजे माझ्यासकट चार जण. आम्ही टीव्हीवर एक बंदुकीचा गेम खेळतो. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं 'चौकी' म्हणतो. दोन वर्षांत तो तीनदा संपवलाय, तरी दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये बसून त्याच्या एकेका प्रकरणाचा कीस काढतो. बायको शाळेत गणित शिकवते, पण इथे तिला सगळे कॅप्टन म्हणतात. दुसरा दातवाला, हा कवळ्या बनवतो आणि गेममध्ये जबडे चुकीचे फुटतात म्हणून हळहळतो. तिसऱ्या ग्रंथपालबाई. त्यांना रक्त बघवत नाही, पण गोष्टीसाठी सगळं सोसतात. त्यांनीच आमचा नियम केला होता: कारण बोलल्याशिवाय गोळी नाही. चाप ओढायच्या आधी खेळणाऱ्याने मोठ्याने सांगायचं, का मारतोयस. "दिसला म्हणून" हे कारण चालत नाही. या नियमामुळे आमचे निम्मे गडी दर रविवारी कारण शोधता शोधता मरतात.

त्या दिवशी सातवं प्रकरण होतं. ज्यांनी हा गेम खेळलाय ते या प्रकरणावर अजून भांडतात. तुम्ही एका चौकीवर मशीनगन धरून बसलेले. तुमचा सोबती कंदील घेऊन फाटकाशी उभा. समोरून एक मोटार येते आणि थांबत नाही. चार सेकंद मिळतात. गोळी झाडली तर मोटार जागच्या जागी थांबते आणि आत एक घाबरलेलं कुटुंब मरून पडलेलं दिसतं. नाही झाडली तर मोटार फाटकावर आदळते आणि सोबती मरतो. यातलं काहीतरी एक पत्करल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही.

मी मनातल्या मनात म्हणालो, आज हे प्रकरण नको. तोंडाने म्हणालो, "आज आठवं घेऊया का?"

"का?" कॅप्टनने विचारलं.

माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. सासरे जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीत बसले होते, दाराकडे तोंड करून. एरवी रविवारी ते आतल्या खोलीत असायचे. आज बॅगेजवळ बसले होते.

दातवाल्याने खेळून पाहिलं. "कारण असं की..." एवढं म्हणेपर्यंत सोबती मेला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "बघा, चार सेकंदांत कारण सांगताच येत नाही. हीच तर या गोष्टीची खुबी आहे. मारामारी सगळीकडेच आहे, पण इथे ती आपल्याला जाब विचारते."

"जाब कसला त्यात?" कॅप्टन म्हणाली. "हुकूम आहे. थांबला नाही तर झाडायची. कारण आधीच ठरलेलं आहे, चार सेकंदांत शोधायचं काय?"

"पण आत बायकापोरं आहेत, कॅप्टन," बाई म्हणाल्या.

"ते त्याला माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की फाटकाशी आपला माणूस उभा आहे." तिने कंट्रोलर घेतला, मोटार आली, तिने झाडली. मोटार थांबली. कंट्रोलर मांडीवर ठेवून ती म्हणाली, "जो झाडत नाही ना, तो दुसऱ्याच्या पायावर स्वतःचा चांगुलपणा करून घेतो."

गेममध्ये पायाचा काही संबंध नव्हता. सोबती मरतो, त्याचा पाय जात नाही. दातवाल्याला आणि बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. मी सासऱ्यांकडे बघायचं टाळलं. चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा.

ते आमच्यामागे येऊन उभे राहिले. "मी बघू का एकदा, जावईबापू?"

मी बायकोकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. "बघा म्हणावं," ती म्हणाली. मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत तोलून पाहिला, बोट चापापासून लांब ठेवलं.

"याने नेम, याने गोळी," दातवाला उत्साहाने शिकवायला लागला.

"जागेवरून उठता येतं का?"

"उठता? येतं की, हे गोल बटण. पण उठून करणार काय? नेम सुटेल."

मोटार आली. त्यांनी गोल बटण दाबलं. पडद्यावरचा शिपाई मशीनगन सोडून उठला आणि फाटकाकडे पळत सुटला. मोटार आदळली. पडदा काळा झाला. 'तुम्ही चौकी सोडलीत,' अशी अक्षरं आली आणि प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

बायको ताठ बसली होती. चौकी सोडलीत. ते शब्द तिने अकराव्या वर्षापासून ऐकले होते.

"पुन्हा," सासरे म्हणाले. पुन्हा उठले, पुन्हा पळाले, पुन्हा तीच अक्षरं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. ते आता पुढे वाकले होते. त्यांच्या मानेची शीर तटतटलेली मला दिसत होती. दातवाला हळूच म्हणाला, "काका, ते जमत नाही हो. बनवणाऱ्यांनी तसं ठेवलेलंच नाही." त्यांना ऐकूच गेलं नाही. पाचव्यांदा मोटार आली, शिपाई पळाला, आणि सासऱ्यांच्या तोंडून शब्द निघाले.

"ऊठ. अरे ऊठ, ऊठ रे."

मोटार आदळली. पडदा काळा झाला.

मग माझी बायको वळली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ऊठ कोणाला म्हणालात?"

त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला.

"तो उभा आहे," ती म्हणाली. आवाज गणिताच्या तासाला असतो तसा. एक पायरी चुकलीय आणि ती सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा. "कंदील घेऊन सरळ उभा आहे. तुम्ही पाच वेळा बघितलंत. ऊठ कोणाला म्हणालात?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने. मी निरोप्या होतो ना. पण या वेळी मी मान फिरवून खिडकीकडे बघितलं. चार महिन्यांत माझ्या हातून झालेलं एवढंच एक शहाणपणाचं काम.

"तो झोपला होता," ते म्हणाले. "फाटकाच्या बाहेरच्या बाजूला, खांबाला खुर्ची टेकवून. घरी पोरगं तापाने फणफणलं होतं, दोन रात्री जागलेला. मीच म्हणालो, टेक जरा पाठ, मी आहे. मीच म्हणालो. ट्रक वळणावर दिसला. हाका मारल्या, उठला नाही. मग पळालो. नऊ पावलं होती. त्याला धरून ओढलं, सगळा आला, एक पाय राहिला."

"आणि गोळी?" हे दातवाल्याने विचारलं. त्याच्याही नकळत विचारलं असावं.

"गोळीने ट्रक थांबतो होय?" सासरे पहिल्यांदाच थोडे चिडले. "उतारावरचा, भरलेला. ड्रायव्हर मेला असता आणि ट्रक आलाच असता. तुमच्या त्या खेळात मोटार कशी थांबते, मला काही कळलं नाही. मघापासून तेच बघत होतो."

ग्रंथपालबाईंनी तोंडावर हात ठेवला. दोन वर्षं आम्ही गोळी झाडावी की नाही यावर रणं माजवली होती. गोळीने मोटार थांबेल का, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. गेम म्हणाला थांबते, आम्ही म्हटलं थांबते.

बायकोला मोटारीशी घेणंदेणं नव्हतं. "मग घाबरलो असं का लिहून दिलंत?"

"पहाऱ्यावर झोपलेल्याला काय मिळतं? हाकलून देतात, वर एक पैसा नाही. कामावर असताना पाय गेला तर पेन्शन मिळते. ती अजून चालू आहे. तेव्हा हे या खोलीबाहेर जायचं नाही." हे ते आम्हा सगळ्यांना म्हणाले, अगदी फाटकावरच्या आवाजात.

"मला सांगता आलं असतं."

"तू अकरा वर्षांची होतीस. त्याचा पोरगा तुझ्या वर्गात. दात पडला त्या दिवशी सांगणार होतो. दारापर्यंत आलो होतो. पण तू त्याला ते ऐकवलं असतंस, पोरी. तुझ्या जागी मीही ऐकवलं असतं."

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

ते चष्मा काढून पुसायला लागले. मीच घासलेली भिंगं, स्वच्छ होती. "नंतर तू विचारलं नाहीस," ते शेवटी म्हणाले. "आणि तसा मी काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. झोप म्हणालो होतोच ना मी."

मला वाटलं ती आता रडेल किंवा उठून आत जाईल. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. ती दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत बसली. रागावलेली होती, ते स्पष्ट दिसत होतं. अठ्ठावीस वर्षं जपून ठेवलेला राग चुकीच्या जागी ठेवला होता हे कळल्यावर माणूस आणखीच रागावतो. मग तिने हात लांब करून कंट्रोलर उचलला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

मोटार आली. तिने गोल बटण दाबलं. शिपाई उठून पळाला. मोटार आदळली, तीच अक्षरं आली. तिने पुन्हा सुरू केलं. तेच झालं. तिसऱ्या वेळी ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुम्ही कुठल्या हाताने ओढलंत त्याला, बाबा?"

मी निरोप पोचवायला सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"डाव्या," ते म्हणाले, आणि खुर्चीत पहिल्यांदाच मागे पाठ टेकली.