पाटाच्या कडेची रेघ

"भाऊ, काल मी कुठं गेल्ते, दावा बरं."

माझ्या दुकानात येऊन असं विचारणारं दुसरं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही. देवळाली प्रवरात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. लोक येतात ते सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नाहीतर आधार कार्डावरचं चुकलेलं नाव घेऊन. ही बाई यायची, पदराआड झाकलेलं मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवायची आणि आपण काल कुठं गेलो होतो ते मला विचारायची.

पहिल्यांदा मी थट्टा केली. म्हटलं, "ताई, गेलात तुम्ही आणि विचारताय मला?"

"मला ठावं हाय ओ. पर बघायचं हाय."

घड्याळ साधं नव्हतं. पळणारे लोक घालतात तसलं होतं. वायरीनं कॉम्प्युटरला जोडून कंपनीची वेबसाइट उघडली की, ओटीपीबिटीपी काही न लागता, ती जिथून जिथवर पळाली तेवढी निळी रेघ नकाशावर उमटायची. खाली वेग, छातीचे ठोके, कॅलरी असले आकडे यायचे. मला नवीन गोष्टीचं भारी कौतुक, म्हणून मी एकेक आकडा समजावून सांगायला लागायचो. ती दोन मिनिटं मान डोलवायची आणि म्हणायची, "ते ऱ्हाऊ द्या. रेघ दावा." पैसे मी घेत नव्हतो, तर जाताना मेथीची जुडी नाहीतर चार लिंबं कीबोर्डशेजारी ठेवून जायची.

घड्याळ तिला बक्षीस मिळालं होतं. महिला दिनाला इथल्या एका पुढाऱ्यानं बायकांची पळायची स्पर्धा ठेवली होती. चाळिशीला टेकलेली ही बाई साडीचा काचा मारून, कुणाचे तरी मागून आणलेले बूट घालून पळाली आणि कॉलेजच्या पोरींना मागं टाकून पहिली आली. पुढाऱ्यानं फोटोसाठी घड्याळ स्वतःच्या हातानं तिच्या मनगटावर बांधलं. तिथंच एका कार्यकर्त्यानं घड्याळाची नोंदणी करायला मोबाईल नंबर मागितला. तिच्याकडं होता बटणांचा फोन. नवरा पुढं झाला आणि त्यानं आपला नंबर दिला. घरचा नंबर म्हणजे कुणाचा नंबर, हे तुम्हीही आपापल्या गल्लीत पाहिलं असेल.

तिला मी ताई म्हणायचो, म्हणून तिचा नवरा माझा दाजी. दाजींविषयी गावात वाईट बोलणारा माणूस सापडायचा नाही. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर हात उचलणं नाही. "आमच्या घरात कोन आवाज चढवीत न्हाई," असं ते चारचौघांत सांगायचे आणि ते खरंच होतं. त्यांना आवाज चढवायची गरजच पडत नव्हती. बक्षिसानंतर बायको पहाटे पळायला जाते म्हटल्यावर त्यांनी परवानगी दिली, वर कौतुकही केलं. तशीच उठून पळाली असती तर लोकांनी तिला वेडी ठरवलं असतं. मनगटावर घड्याळ होतं म्हणून त्याला सराव म्हणायचे.

आता त्या रेघेचं सांगतो. ती रोज सारखीच असायची. घरापासून निघून पाटाच्या कडेनं सरळ जायची, एका वस्तीपाशी तिचा बारीक गुंता व्हायचा आणि आल्या वाटेनं परत यायची. सगळं मिळून सात किलोमीटर. एकदा मी त्या गुंत्यावर बोट ठेवून विचारलं, "इथं काय करता?"

"पानी पिते."

"एवढा वेळ?"

"तहान लई लागती," असं म्हणून ती हसली. मग म्हणाली, "जरा मोठं करा की ते."

मी चित्र मोठं केलं. पत्र्याचं घर, चिंचेचं झाड, शेजारी गोठा. ती खुर्ची ओढून पडद्याजवळ आली. "गोठा पाडून लई दिस झाले. ह्यात अजून हाय बगा." थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "माझं म्हायेर हाय ते."

हळूहळू सगळं कळलं. सामाईक बोअरवरून तिचा भाऊ आणि दाजी यांच्यात वाजलं होतं. भाऊ पुढं बायकोला घेऊन चाकणला कंपनीत निघून गेला, वस्तीवर राहिली एकटी म्हातारी. भांडण भावाशी होतं, पण दाजींनी एका वाक्यात मिटवलं ते हिचं माहेर. "तिकडची पायरी चढायची न्हाई," एवढंच म्हणाले, तेही जेवताना, हळू आवाजात. म्हातारीला ऐकू कमी येतं, त्यामुळं फोन असून नसल्यासारखा. मधली काही वर्षं आई साडेतीन किलोमीटरवर असून हिनं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. घड्याळ मिळालं आणि वाट सापडली. म्हातारी ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. ही पोचली की पाणी प्यायची, आईचे केस विंचरून वेणी घालायची आणि परत पळत सुटायची. उजाडेपर्यंत घरी.

मी हुशारी शिकवायला गेलो. म्हटलं, "ताई, वस्ती यायच्या अलीकडं हे बटण दाबा. घड्याळ थांबेल. परत फिरलात की चालू करा. तेवढा तुकडा नकाशात येणार नाही."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी अभद्र बोललो. "म्हंजी आईचं घर येनार न्हाई ना त्यात. मग बघू काय मी?"

पुन्हा तो विषय मी काढला नाही.

दोन वर्षं हे असं चाललं. मग मागच्या वर्षी वेबसाइटवर पाटी आली. कंपनी म्हणत होती की आता वेबसाइट बंद, सगळं मोबाईल ॲपवर. घड्याळ तेच, माणूस तोच, फक्त बघायची खिडकी कंपनीनं बदलली होती. मी त्यांच्या मदत केंद्राला लिहिलं की आमच्या गिऱ्हाइकाकडं स्मार्टफोन नाही, तिनं काय करायचं? उत्तर फार गोड आलं. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कुटुंबातल्या कोणाच्याही मोबाईलवर ॲप वापरता येईल.

कुटुंबातल्या कोणाच्याही! लिहिणाऱ्याचं कुटुंब कसलं होतं कोण जाणे. मी पुन्हा लिहिलं की मग हे खातंच मिटवून टाका. उत्तर आलं की खातं मिटवण्याची सोय फक्त ॲपमध्ये आहे. ॲप उघडायला ओटीपी लागणार, ओटीपी दाजींच्या फोनवर जाणार. मी चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं आणि चार वेळा त्याच शब्दांत तेच उत्तर आलं.

तिला वेगळीच धास्ती होती. "मग माझ्या जुन्या रेघा जात्याल का, भाऊ?"

"जाणार नाहीत. ॲपमध्ये जपून ठेवणार म्हणतात."

"मग झालं," ती म्हणाली.

दाजींना ॲपचं कळलं ते कुठल्या संशयानं नव्हे, कौतुकानं. कारखान्यावर कुणीतरी त्यांना म्हणालं, घड्याळ बायकोचं आहे ना, मग ॲप घ्या, रोज किती पळाली ते कळेल. चहाच्या टपरीवर चार लोकांना दाखवायला बरं, म्हणून दाजींनी तिथल्या तिथं ॲप घेतलं. नंबर त्यांचाच होता, ओटीपी लगेच आला. ॲपनं त्यांचं स्वागत केलं आणि सांगितलं की आपल्या सर्व जुन्या नोंदी सुरक्षितपणे आणल्या आहेत. दोन वर्षांच्या सगळ्या रेघा, एकूण एक गुंत्यासकट.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. खुर्चीवर बसले, माझ्या घरच्यांची विचारपूस केली. मग फोन पुढं धरला.

"काल ती कुठं गेल्ती, हे तुमच्याकडं दिसायचं म्हनं."

"दिसायचं. आता वेबसाइट बंद झाली, दाजी."

"बरं झालं. ह्यात लई स्वच्छ दिसतं." त्यांनी वस्तीवर बोट ठेवलं. "हितं काय करती ती?"

"पाणी पीत असेल," मी म्हणालो.

दाजी हसले. "आमच्या घरात पानी न्हाई व्हय?" फोन खिशात घालून, चहा नको म्हणून ते शांतपणे निघून गेले.

मला वाटलं आता घरात काहीतरी होईल. काही झालं नाही. आठवड्यानं नगरहून टेम्पो आला आणि त्यातून ट्रेडमिल उतरली. घरातल्या घरात पळायचं मशीन. सगळी गल्ली गोळा झाली. मशीनला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मलाही पेढा मिळाला. शेजारच्या बायका तिला म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई, असा नवरा मिळाया पुण्य लागतं." दाजी दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "ऊन न्हाई, धूळ न्हाई, कुत्रं मागं लागत न्हाई. बाईमानसानं अंधारात पाटाच्या कडंनं कशाला पळायचं?" सगळ्यांना ते पटलं. ती मशीनवर चढून थोडं पळून दाखवत होती. तोंड भिंतीकडं होतं. आवाज फक्त पट्ट्याचा येत होता.

खरं सांगतो, मला त्या कंपनीचा राग येतो, दाजींचा येतो, आणि नशीब काढलं म्हणणाऱ्या त्या बायकांचा सगळ्यात जास्त येतो. त्यांतल्या निम्म्या जणींना म्हातारीचं घर ठाऊक होतं.

दुकानात ती त्यानंतर एकदाच आली, दाजींबरोबर, आधारच्या कामाला. अंगठा द्यायला तिनं हात पुढं केला तेव्हा मनगटावर घड्याळ होतं. आता पदराआड नव्हतं. मी म्हटलं, "पळणं चालू आहे ना, ताई?"

"पळते की. हितल्या हितं."

दाजींनी लगेच फोन काढला. "आज सात किलोमीटर मारले बगा." मी विचारलं, नकाशा कुठं आहे? त्यांनी पडदा खाली सरकवून पाहिला. आकडे सगळे होते. वेग होता, ठोके होते, कॅलरी होत्या. नकाशाची जागा कोरी होती. "मशीनवर त्यो येत न्हाई," ते म्हणाले. "आन काय करायचाय?" ती भिंतीवरच्या दरपत्रकाकडं बघत होती.

म्हातारी मला गेल्या महिन्यात भेटली. निराधारांची पेन्शन चालू ठेवायला माणूस जिवंत आहे असा अंगठा दर वर्षी लागतो. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी मी मशीन घेऊन जातो. पत्र्याचं घर, चिंच, सगळं मी नकाशात इतकं पाहिलेलं होतं की वाट विचारावी लागली नाही. गोठा तेवढा नव्हता. ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता, वर वाटी उपडी. म्हातारीचे केस विस्कटून खांद्यावर आले होते.

अंगठा घेतला. मशीननं ती जिवंत असल्याचं मान्य केलं. मी कुठून आलो ते कळल्यावर तिनं माझा हात धरला.

"माझी लेक ठावं हाय का तुला? पळती ती. आता पळायचं सोडलं का तिनं?"

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "नाही सोडलं. रोज पळते."

"किती पळती?"

"सात किलोमीटर."

तिला ऐकू आलं नाही. मी आणखी मोठ्यानं ओरडलो. चिंचेवरचे पक्षी उडाले. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"सात?" ती म्हणाली. "सात म्हंजी हितवर येऊन-जाऊन व्हतंय की रं. मग येत का न्हाई ती?"