मिक्सर आणि गुळगुळीत पाटा

ठेचा करता करता मिक्सर बंद पडला. दुरुस्तीला जळगाव जामोदला न्यायचा म्हणजे सगळा दिवस एसटीत जाणार, म्हणून मीच पेचकस घेऊन बसलो. मिक्सर खोलला, तर आतून जळका वास आला. तारा पुसल्या, परत जोडल्या. बटण फिरवलं आणि घरातला फ्यूजच उडाला. मी पेचकस आपटला.

"काऊन चिडून राह्यला? पाटा हाय ना," माय म्हणाली.

पाटा न्हाणीत होता. मिक्सर आल्यापासून आम्ही त्यावर कपडे धूत होतो. घासूनपुसून आणला, पण तो इतका गुळगुळीत झाला होता, की मिरची वाटली जाईना, नुसती घसरायची. छिन्नीनं ठोकून पाट्याला टाकी लावून, तो खरखरीत करून देणाऱ्या बाया पूर्वी दारावर यायच्या. घरोघरी मिक्सर आले आणि त्या यायच्या थांबल्या.

मग मीच पेचकस पाट्यावर टेकवला आणि हातोडीनं ठोकायला लागलो. पाट्यावर साधा ओरखडा उमटला नाही. पेचकसाचं टोक मात्र वाकलं.

मायनं मिरच्या अख्ख्याच तेलात टाकल्या. म्हटलं, निदान खोललेला मिक्सर तरी परत जोडून ठेवू. वाकडा पेचकस आता एकाही स्क्रूत बसेना.