टायरचं वय

तीस वर्षं टायर बसवून दाजींच्या अंगठ्यालाच अक्कल आली होती. मेव्हण्याच्या जुन्या, पण अजून वाऱ्यासारख्या पळणाऱ्या गाडीला कुठले टायर घ्यायचे हे त्यांनी दोनदा बजावून सांगितलं होतं. पठ्ठ्याने आणले भलतेच. वरून काळं पॉलिश चकचकीत, पण अंगठा दाबला तर रबर लाकडासारखं टणक. बाजूवर उठवलेली तारीख वाचली आणि दाजींचं टाळकं सरकलं.

"नऊ वर्षांचे आहेत हे! ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेल का, गाढवा?"

"पण दाजी, नक्षी बघा ना, कोरी करकरीत आहे."

"मढ्याला पावडर फासून आणलीस! अरे, या गाडीत तुझी बायकापोरं बसतात."

"छे हो, ती कशाला बसतील? उद्या विकतोय गाडी. आमच्या शेजारच्या मास्तरांना."

दाजींना त्याच्याकडे बघायचीही किळस आली. ते आत जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आले आणि चारही टायरांवर त्यांनी वीतवीतभर आकड्यांत ते नऊ वर्षांपूर्वीचं साल रंगवलं.

"आता बसवतो," ते म्हणाले. "मास्तरांना वाचता येतं."