दोन ठिपके

माझी शाळा चौथीनंतर सुटली, हे मी प्रेसमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. आधी बाइंडिंगला होते. जुन्या ऑपरेटरने मराठी टायपिंग शिकवलं आणि कॉम्प्युटरपुढची खुर्ची मिळाली. इंग्रजी अक्षरं ओळखू येतात, वाक्य लागत नाही. पण जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यावाचून अडत नव्हतं. पडद्यावर दिसायचं तसंच छापून यायचं. ओळ खाली घसरली की माउसने वर ओढायची. सगळं डोळ्यांचं काम.

मग मालकांच्या सूनबाई कारभार बघू लागल्या. कळवणच्या एका निवृत्त गुरुजींचा बोलीतल्या शब्दांचा कोश छापायला आला होता. गुरुजी रोज नवा शब्द मध्येच घालायचे आणि माझी पुढची सगळी पानं विस्कटायची.

"मावशी, या नव्या प्रोग्रॅममध्ये दिसतं कसं ते विसरा," मॅडम म्हणाल्या. "काय आहे तेवढं मशीनला सांगा. मथळ्याआधी चांदणीची खूण. शब्द, मग कोलनचे दोन ठिपके, मग अर्थ. पानं मशीन लावेल. एकदम सोपंय."

त्यांना सोपं. मला पांढऱ्या पडद्यावर नुसत्या ओळी, पान कुठे संपतं तेही दिसेना. बाइंडिंगची जागा रिकामी होती. तिथे दिवसभर खाली बसावं लागतं आणि माझे गुडघे आता वळत नाहीत. हे जमलं नाही तर तिकडेच पाठवतील, असं कुणी म्हटलं नव्हतं. मला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं.

चार दिवस टाइप केलं. पाचव्या दिवशी सकाळी पानं लावायचं बटण दाबलं, तर पानांऐवजी एक लाल ओळ आली. सगळी इंग्रजी. त्यातला तीनचा आकडा तेवढा वाचता आला. तिसऱ्या ओळीवर गेले. शब्द बरोबर, दोन ठिपके बरोबर, अर्थ बरोबर. ओळ पुसून पुन्हा लिहिली. पुन्हा लाल. असं किती वेळा केलं कोण जाणे. माउस घामाने ओला झाला होता.

छपाईच्या मशीनवरचा दादा मागून गेला. "काय मावशी, विमान उडंना का? ओझरच्या विमान कारखान्यातून माणूस बोलवू?"

मी हसले. पुन्हा तीच ओळ पुसली.

दुपारी मॅडमनी विचारलं, "झालं का?"

"होतंय."

"अडलंय का कुठे? काय म्हणतंय ते वाचा बरं."

मी माउसवरचा हात काढला. मग म्हटलं, "मॅडम, मला इंग्रजी वाचता येत नाही. मी चौथी शिकलेय."

त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या. "कोलन नाही म्हणतंय."

"आहे की."

"दिसतोय तर खरा." त्यांनी कीबोर्ड इंग्रजीवर नेला, माझे ठिपके पुसून आपले टाकले. लाल ओळीत तीनच्या जागी चार आला; तिसरी ओळ सुटली, आता चौथी अडली.

"तुम्ही कुठली की दाबता?"

मी दाखवली. ती विसर्गाची होती. ऑपरेटरने तीच शिकवली होती, म्हणजे इंग्रजीवर जावं लागत नाही. लग्नपत्रिकांतली वेळ, स्थळ, निमंत्रक, सगळ्यांपुढे इतकी वर्षं मी विसर्गच टाकत आले होते. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मशीनला मात्र ती दोन वेगळी चिन्हं.

"असू दे," मॅडम म्हणाल्या. "सगळे विसर्ग एका दमात बदलून टाकते." त्यांचं बोट बटणावर गेलं.

"थांबा!" प्रेसमध्ये इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. "दुःखातले पण जातील. स्वतःतले, अंतःकरणातले. अर्थांमध्ये आलेत ते शब्द."

त्यांनी हात मागे घेतला. "अरे हो. मग?"

"एकेक बघून बदलावे लागतील." आणि लगेच विचारून टाकलं, "का मी बाइंडिंगला बसू उद्यापासून?"

"बाइंडिंगला? आणि हे कोण बघणार, मी?"

त्या उठून गेल्या. मी चौथ्या ओळीपासून सुरुवात केली. एखादा खरा विसर्ग आपल्याच हातून जाईल, या भीतीने प्रत्येक ओळ दोनदा वाचत होते.