अक्कांचा कान

अक्का वाळलेलं फळ चाखून बघत नसत, ऐकून बघत. पपईची चकती आधी गार होऊ द्यायची, मग कानाशी नेऊन मोडायची. कट्ट वाजली तर दळायला, नाहीतर पुन्हा वाळवणीच्या कपाटात. गरम चकती मोडून बघणाऱ्याला त्या उतावीळ म्हणत. सायखेड्याच्या आमच्या शेडमध्ये फळं वाळवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि उतावीळपणाचा मान बहुतेक वेळा माझ्याकडे.

मी नाशकातून अन्नप्रक्रियेची पदविका घेऊन आलेली. पाण्यात ढवळून प्यायच्या पावडरी करायच्या, पोटासाठी पपई-आलं, ताकदीसाठी चिकू-केळं, ही कल्पना माझी. पावडरी बाजारात टिकल्या मात्र अक्कांमुळे. एकदा मी लेबलवर 'अपचन बरे होते' असं लिहिलं, तर म्हणाल्या, "पोटाला बरं वाटतं, एवढंच लिव. आपण काय डाक्टर हाय का?" ओलावा मोजायचं यंत्र आणलं, त्यावर त्यांनी फडकं टाकलं. मीही ते काढलं नाही, कारण त्यांचा कान कधी चुकत नसे.

एका पावसाळ्यात इगतपुरीच्या दुकानातून पपईच्या साऱ्या बरण्या परत आल्या. आत पावडरीचे दगड झाले होते. मी दुकानदाराला नावं ठेवली, तिथल्या हवेलाही ठेवली.

अक्का प्रत्येक खेपेतल्या मूठभर चकत्या बंद डब्यात राखून ठेवत. त्यांनी त्या खेपेचा डबा उघडला आणि एक चकती माझ्या कानाशी धरून मोडली.

"वाजली का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मला वर्सभरापासून हा बारीक आवाज ऐकू येत नाय," त्या म्हणाल्या. "बोटांच्या अंदाजावर चालवलं. सांगितलं असतं, तर तू मला घरी बसवलं असतं."

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. वर्षभर त्या रोज ही धास्ती घेऊन कामाला येत होत्या आणि मला पत्ता नव्हता. मी यंत्रावरचं फडकं काढलं, पण अक्कांना घरी बसवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चकती त्या मोडायच्या, माझ्या कानाशी, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी मान डोलावली की मगच दळण सुरू.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. ओलावा आता यंत्र सांगतं, आणि बरोबर सांगतं. तरी दळायच्या आधी मी एक चकती गार होऊ देते, कानाशी मोडते. वाजली की समोर बघून मान डोलावते.